माल्डनचा बर्टनॉथ : इतिहासातील सरदार आणि वीरकाव्यातील स्वामी

अँग्लो-सॅक्सन वीरकाव्यातील बहुतेक नायक दंतकथेच्या धुक्यात वावरतात. बेओवुल्फ हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. परंतु त्याचे ऐतिहासिक अस्तित्व सिद्ध करता येत नाही. इसेक्स प्रांताचा अधिपती बर्टनॉथ याची गोष्ट वेगळी आहे. राजांच्या दानपत्रांवर साक्षीदार म्हणून त्याचे नाव आढळते, तत्कालीन इतिवृत्तात त्याच्या मृत्यूची नोंद आहे आणि 'द बॅटल ऑफ माल्डन' या काव्याचा तो नायक आहे. त्यामुळे वीरकाव्यातील योद्ध्यांची मूल्ये आणि प्रत्यक्ष जगलेले आयुष्य यांचा संबंध तपासण्यास त्याचे चरित्र विशेष उपयुक्त ठरते.

काव्यात त्याच्या पित्याचे नाव बर्टहेल्म असे येते. 956 मध्ये राजा एडविगच्या कारकिर्दीत त्याची इसेक्सचा ईल्डरमन म्हणून नेमणूक झाली. राजाच्या वतीने प्रांताचा कारभार, न्यायदान आणि सैन्य सांभाळणारा हा अधिकारी असे. त्याची पत्नी एल्फ्लेड ही आधीचा ईल्डरमन एल्फगार याची कन्या. तिची बहीण राजा एडमंडला दिलेली होती. सुमारे पस्तीस वर्षे बर्टनॉथने हे पद सांभाळले. 975 मध्ये राजा एडगरच्या निधनानंतर मठांना दिलेल्या जमिनींवरून सरदारांत फूट पडली, तेव्हा ईस्ट अँग्लियाच्या एथेलविनसह तो मठांच्या बाजूने उभा राहिला.

या धर्मनिष्ठेमुळेच त्याची स्मृती मठांनी जतन केली. इलीच्या मठात बाराव्या शतकात सिद्ध झालेल्या ग्रंथात त्याच्याविषयी एक कथा आहे. सैन्यासह जात असता तो रॅम्झीच्या मठापाशी आला. तेथील मठाधिपतीने त्याला आणि मोजक्या सोबत्यांनाच भोजनास बोलावले. ज्यांच्याविना आपण लढू शकत नाही त्यांच्याविना आपण जेवणार नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन तो पुढे निघाला. इलीच्या मठाने मात्र सर्व सैन्याचा पाहुणचार केला आणि बर्टनॉथने त्या मठाला अनेक गावे दिली. इलीच्या भिक्षूंना आपल्या जमिनींचा हक्क सांगावयाचा होता, हे लक्षात घेता ही कथा शब्दशः स्वीकारता येत नाही. तथापि तिच्यातील मूल्य खास त्या समाजाचे आहे. अँग्लो-सॅक्सन योद्ध्याचे आपल्या स्वामीशी असलेले नाते दिवाणखान्यातील बाकावर, एकत्र अन्नपानात आणि स्वामीने दिलेल्या घोड्या-शस्त्रांत घडत असे. खाल्ल्या अन्नाला जागण्याची कसोटी पुढे रणांगणावर लागे. मात्र हे बंधन दुहेरी होते; देणे थांबविणाऱ्या स्वामीला निष्ठा मागण्याचा अधिकार उरत नसे.

ही कसोटी ऑगस्ट 991 मध्ये लागली. राजा एथेलरेडच्या काळात व्हायकिंगांच्या स्वाऱ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. इप्सविच लुटून त्यांचे आरमार माल्डनजवळ आले. रॅम्झीच्या भिक्षूने इ. स. 1000 च्या सुमारास लिहिलेल्या संत ऑस्वल्डच्या चरित्रात बर्टनॉथ उंचापुरा आणि हंसासारख्या शुभ्र केसांचा वर्णिला आहे. म्हणजे रणांगणावर उभा असलेला हा सेनानी वृद्ध होता.

लढाईचे तपशील मुख्यतः काव्यातून कळतात. त्याच्या 325 ओळी उपलब्ध आहेत. आरंभ आणि शेवट हरवला आहे. मूळ हस्तलिखित 1731 च्या आगीत नष्ट झाले. त्यापूर्वी केलेली नक्कल 1726 मध्ये छापली गेल्याने काव्य वाचले. काव्यात बर्टनॉथ घोडे हाकलून लावावयास सांगतो, म्हणजे माघारीचा विचारच संपतो. शत्रूचा दूत खंडणी मागतो. खंडणी म्हणून भाले मिळतील, असे तो कळवितो. भरतीच्या पाण्यामुळे दोन्ही सैन्ये अडून राहतात. ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या अरुंद वाटेवर तीन योद्धे शत्रूला रोखून धरतात. मग शत्रू पलीकडे येऊ देण्याची विनंती करतो आणि बर्टनॉथ ती मान्य करतो.

येथे कवीने वापरलेला ओफरमोद हा शब्द अभ्यासकांच्या वादाचा विषय ठरला आहे. काहींनी त्यात अतिधैर्य पाहिले. शत्रूला अडवून ठेवले असते तर तो जहाजांतून अन्यत्र लूट करण्यास गेला असता, तेव्हा हा निर्णय युद्धनीतीला धरून होता, असेही मांडले गेले. 1953 मध्ये टॉल्किनने या कृतीत सेनानीचा कीर्तिलोभ पाहून कठोर टीका केली. 1976 मध्ये हेल्मुट ग्नॉइस याने शब्दाचे इतरत्र आढळणारे उपयोग तपासून गर्व हाच अर्थ ग्राह्य ठरविला. जुन्या इंग्रजीतील धार्मिक काव्यात हा शब्द सैतानाच्या संदर्भातही येतो, हे ध्यानात घेता कवीने नायकाला दोषमुक्त ठेवलेले नाही असे म्हणावे लागते.

बर्टनॉथ ईश्वराची प्रार्थना करीत पडतो. ज्याला त्याने अनेक घोडे दिले होते तो गॉड्रिक त्याच्याच घोड्यावरून पळतो. स्वामीच पळत आहे असे समजून अनेकांची फळी मोडते. उरलेले एकामागून एक बोलतात आणि पडतात. एल्फविन हा उच्चकुलीन आप्त मद्यपानाच्या बैठकीतील प्रतिज्ञांची आठवण देतो; डनर हा साधा शेतकरी आहे; नॉर्थम्ब्रियाहून आलेला एक ओलीसही लढतो; आणि वृद्ध बर्टवोल्ड बळ ओसरेल तसे मन अधिक कणखर व्हावे असे सांगतो. टॅसिटसने इ. स. 98 मध्ये जर्मानिक टोळ्यांत वर्णिलेली, स्वामीमागे जिवंत राहणे लांच्छनास्पद मानणारी रीत येथे दिसते. परंतु दहाव्या शतकात ती प्रत्यक्ष रूढ होती असे मानण्यास फारसा आधार नाही, हे रोझमेरी वुल्फ यांनी 1976 मध्ये दाखविले. असे असेल तर कवी प्रचलित रूढी नोंदवीत नसून एका आदर्शाचे आवाहन करीत होता.

या आवाहनाला निकड होती. त्याच वर्षी आर्चबिशप सिगेरिकच्या सल्ल्याने व्हायकिंगांना दहा हजार पौंड खंडणी देण्यात आली. बर्टनॉथने जे नाकारले ते राज्याने पत्करले. कवीने याचा उल्लेख केलेला नाही. परंतु खंडणी नाकारणारा नायक त्या काळच्या श्रोत्याला कोणत्या प्रश्नापुढे उभा करीत असेल, याची कल्पना येते.

शत्रूने बर्टनॉथचे शिर नेले. इलीच्या भिक्षूंनी धड मिळवून शिराच्या जागी मेणाचा गोळा ठेवून ते पुरले, असे मठाचा ग्रंथ सांगतो. त्याचे पराक्रम चितारलेला पडदा एल्फ्लेडने मठाला दिला. तो आज उपलब्ध नाही. 1769 मध्ये अस्थी हलविताना त्याच्या म्हणून मानलेल्या सांगाड्याला कवटी नव्हती, आणि त्यावरून उंची सहा फूट नऊ इंच अनुमानिली गेली.

सोबत्यांना वगळून जेवण्यास नकार देणाऱ्या स्वामीने आपल्या निर्णयाने त्याच सोबत्यांना मृत्यूच्या दारी नेले. कवीने त्याचा दोषही सांगितला आणि सोबत्यांची निष्ठाही गायिली. एकासाठी दुसरे दडविले नाही. निष्ठा ही निर्दोष स्वामीपुरती मर्यादित असते काय, हा प्रश्न त्याने उघडा ठेवला. गॉड्रिकचे पलायन आणि डनरचे मरण समोरासमोर ठेवणाऱ्या या काव्याचे नैतिक सामर्थ्य त्या प्रश्नात आहे. आणि त्यामुळेच एका प्रांतीय सरदाराचा पराभव सहस्र वर्षांनंतरही अभ्यासाचा विषय राहिला आहे.