नेगमवालांची दुर्बीण

हाडाला एक्स-रे, पोटाला सोनोग्राफी, आकाशाचेही तसेच. खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना डोळ्यांना न दिसणारा थंड हायड्रोजन टिपतात, ताऱ्यांचा प्रकाश मात्र प्रकाशीय दुर्बिणीनेच तपासावा लागतो.

कावसजी दादाभाई नेगमवालांच्या (१८५७–१९३८) हाती फक्त प्रकाश होता. पुण्याच्या सायन्स कॉलेजातल्या या प्राध्यापकांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. तिथली २० इंची दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी. मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट त्यांनी बारकाईने पाहिला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध जेऊरहून घेतले. (इंग्रज खगोलशास्त्रज्ञ आपल्या शेजारच्या पुलगावातही आले होते.)

१९१२ मध्ये नेगमवाला निवृत्त झाले. पुढे चालवणारा कुणी नेमायचे सोडून वेधशाळाच बंद केली! दुर्बीण कोडाईकनालला गेली.