माळावरचे गाव वसविणारे लक्ष्मणराव

मिरजेहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत सांगली सोडल्यावर थोड्या वेळाने किर्लोस्करवाडी लागते. या स्टेशनाचे जुने नाव कुंडल रोड. १९१० पूर्वी येथे उतरणाऱ्यास दिसे तो ओसाड माळ, निवडुंगाची बेटे आणि त्यांत नांदणारे नाग. या माळावर गाव वसविणारे कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला.

त्यांना व्हावयाचे होते चित्रकार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असता कळले, की डोळ्यांना काही रंगांतील भेद उमगत नाही. रंग सुटले, रेखा हाती राहिली. तिच्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. पण हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा ती सोडून ते बेळगावास आले. बंधू रामूअण्णांसह सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. धंदा जरा बसतो तोच ठळकवाडीच्या नव्या वस्तीसाठी नगरपालिकेने जागा मागितली. एका वस्तीपायी उठावे लागलेल्या माणसाने पुढे दुसरी वसवावी, हा योग मौजेचाच म्हणावयाचा!

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ३२ एकर माळ व दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव पंचवीस कामगार व त्यांची कुटुंबे घेऊन येथे आले. माणसेही कशी? शंभोराव जांभेकर बिघडलेल्या यंत्राचे वैद्य. मंगेशराव रेगे हिशेबाचे धनी. के. के. कुळकर्णी परीक्षेत हरलेले, पण कारभारात पक्के. रस्ते, घरे, पाणी, झाडे यांची आखणी रामूअण्णांकडे. आणि रात्रीच्या पहाऱ्यास तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग, दोघेही तुरुंग भोगून आलेले! ज्यांच्या भयाने लोक दारे लावीत, त्यांच्या भरवशावर वाडी झोपू लागली. आम्हांस या गृहस्थाचे धाडस नांगरापेक्षा येथे अधिक दिसते. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, हाही त्यांचा दंडक होता.

१९१४ च्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी जुन्या, निकामी तोफा दिल्या. त्या वितळवून नांगरांचे फाळ झाले.

१९२० साली पुतणे शंकरराव यांनी येथूनच ‘किर्लोस्कर खबर’ काढले, व १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघाले. शंकरराव चित्रकला शिकून आलेले. काकांचे सुटलेले रंग असे वाडीतच परतले. १९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झाले. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले; शताब्दीस, १९६९ मध्ये, टपालखात्याने त्यांचे तिकीट काढले. कुंडल रोड हे नाव मात्र आता जुन्या माणसांच्याच तोंडी ऐकू येते.