कवच देणारा कप्तान : महेंद्रनाथ मुल्ला



लखनऊच्या अलीगंज भागात जुने हनुमान मंदिर आहे. उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे ज्येष्ठ महिन्यातला प्रत्येक मंगळवार तिथे बडा मंगल म्हणून साजरा होतो. ऐन उन्हाळ्यात शहरभर रस्त्याच्या कडेला मंडप उभे राहतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला थंड पाणी, सरबत, पुरी-भाजी दिली जाते. तुम्ही कोण, कुठले, कोणत्या धर्माचे, हे कुणी विचारत नाही. नवाबी काळापासून ही प्रथा चालत आली आहे.

आपल्या महाराष्ट्रातही पंगत बसली की यजमान शेवटी जेवतो. पाहुणे उपाशी असताना त्याने आधी आपले ताट वाढून घेतलेले शोभत नाही. पण वाटायचे आहे ते अन्न नसून प्राण असतील, तर? तेव्हाही हा नियम पाळता येईल का? याच उत्तर प्रदेशात जन्मलेल्या एका नौदल अधिकाऱ्याने तो पाळून दाखवला. त्यांचे नाव कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला.

१५ मे १९२६ रोजी गोरखपूर येथे त्यांचा जन्म झाला. जानेवारी १९४६ मध्ये ते नौदलात दाखल झाले आणि १९४८ मध्ये अधिकारी झाले. पुढे लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयातही त्यांनी काम केले. १९७१ च्या युद्धात ते आयएनएस खुकरी या फ्रिगेट जातीच्या युद्धनौकेचे कप्तान आणि चौदाव्या फ्रिगेट ताफ्याचे प्रमुख होते.

३ डिसेंबरला युद्धाला तोंड फुटले. आपल्या नौदलाने कराचीवर धाडसी हल्ले केले. त्याच वेळी दीवच्या समुद्रात शत्रूची पाणबुडी वावरत असल्याचा सुगावा लागला. तिला शोधून नष्ट करण्याचे काम मुल्लांच्या ताफ्याकडे आले. ८ डिसेंबरला खुकरी आणि कृपाण या दोन नौका मुंबईहून निघाल्या. काम सोपे नव्हते. पाकिस्तानची हंगोर ही पाणबुडी फ्रेंच बनावटीची, नवी होती. पाण्याखालचा आवाज टिपण्याची तिची क्षमता आपल्या जुन्या नौकांपेक्षा जास्त होती. तरीही मुल्ला निघाले. आज्ञा होती आणि किनाऱ्याचे रक्षण करायचे होते.

९ डिसेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास हंगोरने डागलेला टॉर्पेडो खुकरीवर आदळला. जहाजाला भगदाड पडले आणि ते वेगाने बुडू लागले. हाताशी होती ती फक्त काही मिनिटे. मुल्लांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला. अंधार, गोंधळ आणि वर चढणारे पाणी, अशाही स्थितीत ते शांतपणे एकेकाला बाहेर काढत राहिले. स्वतःचे लाइफ जॅकेट त्यांनी एका खलाशाला देऊन टाकले. कवच काढून देणाऱ्या कर्णाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. इथे मागायला कुणी देव आला नव्हता. समोर आपल्याच जहाजावरचा एक साधा खलाशी होता.

शक्य तेवढी माणसे बाहेर पडल्यावर मुल्ला पुन्हा ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवले जाते त्या जागी गेले. अजून कुणाला वाचवता येईल का, हे त्यांना पाहायचे होते. जहाजाबरोबर समुद्रात जाताना ते शेवटचे दिसले. तेव्हा त्यांचे वय ४५ होते.

दुसऱ्या दिवशी आयएनएस कच्छल या नौकेने ६ अधिकारी आणि ६१ नौसैनिकांना वाचवले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक परतले नाहीत.

वाचकहो, इथे मनात एक प्रश्न येतो. मुल्लांच्या घरी पत्नी आणि दोन मुली होत्या. आधी स्वतःला वाचवले असते तर त्यांना दोष द्यायला कुणाची जीभ रेटली असती? पण त्या खलाशालाही घर होते. त्याचीही कुणीतरी वाट पाहत होते. आपल्या हुकमावर जे समुद्रात आले, त्यांच्या प्राणांची जबाबदारी आपली, हे मुल्लांनी जाणले. हुद्दा मोठा म्हणून वाचण्याचा हक्क आधी, असे त्यांनी मानले नाही. उलट हुद्दा मोठा म्हणून क्रमांक शेवटचा, असे मानले. त्यांच्या कुटुंबाने या निर्णयाची किंमत आयुष्यभर मोजली, हेही आपण विसरता कामा नये.

राष्ट्राने त्यांना मरणोत्तर महावीर चक्र अर्पण केले. दीवला समुद्रकाठच्या टेकडीवर खुकरीचे स्मारक आहे. तिथे काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती ठेवली आहे. पुढे मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या युद्धनौकेला खुकरी हेच नाव देण्यात आले. १९८९ पासून २०२१ पर्यंत तिने देशाची सेवा केली.

असे मन एका रात्रीत घडत नाही. रोजच्या लहान त्यागांतून ते तयार होते. आपल्यावर जहाज बुडण्याची वेळ बहुधा येणार नाही. पण घरात, कार्यालयात, सेवाकार्यात, जिथे चार माणसे आपल्या शब्दावर चालतात तिथे आपण सारे छोटे कप्तानच असतो. श्रेय घेताना मागे आणि कष्टाच्या वेळी पुढे राहण्याची सवय आजपासून लावून घेऊ या. येत्या ९ डिसेंबरला संध्याकाळी देवापाशी दिवा लावाल, तेव्हा खुकरीच्या १९४ वीरांचे स्मरण अवश्य करा. आणि त्या दिवशी आपल्या हाताखालच्या एका तरी माणसाचे ओझे स्वतः उचला.