लाकडाचा ठेकेदार आणि तिलिस्मची किल्ली

१९९४ साली दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’ मालिका सुरू झाली, तेव्हा मी बँकेत अधिकारी होतो. रविवारी सकाळी चाळीतल्या ज्या घरात टीव्ही होता त्या घराच्या दारात चपलांचा ढीग पडायचा आणि सोमवारी कॅश काउंटरच्या दोन्ही बाजूंना क्रूरसिंहाच्या भुवयांची नक्कल चालायची. मालिकेच्या श्रेयनामावलीत देवकीनंदन खत्री हे नाव येऊन जाई. ते वाचणारा माझ्या ओळखीत तरी कुणी नव्हता. मीही नव्हतो. पुढे उत्तर प्रदेशातल्या एका शाखेत दोन वर्षं बदलीवर गेलो, तिथे संध्याकाळ खायला उठायची म्हणून एका सहकाऱ्याकडून कव्हर फाटलेली ‘चंद्रकांता’ वाचायला घेतली. हातातल्या कादंबरीचा टीव्हीवरच्या मालिकेशी फारच थोडा संबंध होता. रात्री दोनला दिवा मालवला आणि मनात आलं, की हा माणूस कोण होता, हे पाहायला हवं.

हा माणूस होता जंगलाचा ठेकेदार. आणि सगळी गंमत तिथूनच सुरू होते.

देवकीनंदन खत्री यांचा जन्म १८६१ च्या जूनमध्ये, बिहारमधल्या मुजफ्फरपूर भागातला, आजोळी. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आपल्याकडे प्रसिद्ध झाली तेही हेच वर्ष. अद्भुतरम्य मराठी कादंबरी आणि हिंदीतल्या अद्भुताचा हा निर्माता एकाच वयाचे म्हणायचे. घराणं मूळचं पंजाबातलं. वडील लाला ईश्वरदास काशीत स्थिरावलेले. मुलाचं सुरुवातीचं शिक्षण त्या काळच्या उत्तरेकडच्या सुखवस्तू घरांतल्या रीतीप्रमाणे उर्दू-फारसीत झालं. हिंदी, संस्कृत आणि इंग्रजी मागाहून आली. म्हणजे पुढे ज्याच्या पुस्तकांनी नागरी लिपीला वाचक मिळवून दिले, त्याचा स्वतःचा हात पहिल्यांदा वळला तो उजवीकडून डावीकडे लिहिण्यासाठी.

तरुणपणी त्यांनी गयेजवळच्या टेकारी संस्थानात व्यापार केला. तो बरा चाललाही. पण संस्थानाचा कारभार इंग्रज सरकारच्या हाती गेला आणि देवकीनंदन काशीला परतले. तेव्हा काशीच्या गादीवर महाराजा ईश्वरीप्रसाद नारायण सिंह होते. त्यांच्याकडून चकिया आणि नौगढ इथल्या जंगलांचा ठेका मिळाला. लाकूडतोड आणि जंगलाचा इतर माल, हा धंदा. ठेकेदार म्हटलं की कचेरीत गादीवर बसून हिशेब लिहिणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. मी कर्जाच्या फायली चाळून असे पुष्कळ ठेकेदार पाहिले आहेत. देवकीनंदन मात्र दिवसच्या दिवस रानात हिंडत.

आणि रानही साधंसुधं नव्हतं. विंध्य आणि कैमूरच्या डोंगरांची ती बाजू. धबधबे, घळी, गुहा आणि झाडोऱ्यात बुडालेले जुने किल्ले. नौगढ आणि विजयगढ ही त्यांच्या कादंबरीतली दोन राज्यं म्हणजे याच मुलखातल्या खऱ्या जागा. चुनारचा किल्ला तर गंगेच्या काठी, नदीत पुढे घुसलेल्या कड्यावर उभा आहे. बदलीच्या काळात मी तो पाहिला. खालून वर बघताना माणूस आपोआप गप्प होतो. याच प्रदेशातून कर्मनाशा नदी वाहते. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला तरी जन्मभराचं पुण्य धुऊन जातं, असा समज; त्रिशंकूच्या लाळेतून ती निघाली, अशी कथा. काशीच्या इतक्या जवळ, गंगेलाच जाऊन मिळणारी ही शापित नदी! कादंबरीकाराला आणखी काय हवं?

पण तेव्हा ते कादंबरीकार नव्हतेच. मग एक दिवस जंगलाचा ठेका हातून गेला. पंचविशी नुकतीच उलटलेली, आधी एक धंदा मोडलेला, आता दुसरा. बँकेच्या भाषेत सांगायचं तर अशा अर्जदाराला कुणी दमडीचं कर्ज मंजूर करत नाही. तारण म्हणून दाखवायला त्यांच्यापाशी होतं तरी काय? डोक्यात साठलेली रानं, भुयारं आणि पडके बुरूज.

त्याच तारणावर त्यांनी ‘चंद्रकांता’ लिहिली. १८८८ मध्ये ती काशीत छापून बाहेर पडू लागली.

गोष्ट सरळ आहे. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचं एकमेकांवर प्रेम. विजयगढच्या दिवाणाचा मुलगा क्रूरसिंह याचा डोळा राजकन्येवर. त्याची डाळ शिजत नाही, तेव्हा तो चुनारगढच्या शिवदत्ताला जाऊन मिळतो. मग पळवापळवी, वेषांतरं, लढाया. राजकन्या एका तिलिस्मात अडकते आणि तो तिलिस्म तोडल्याशिवाय तिची सुटका नाही. प्रेम, वियोग, खडतर शोध आणि मीलन. आपल्या आजीच्या गोष्टीतही हेच असतं.

मग वेगळं काय? ते समजायला दोन शब्द समजून घ्यावे लागतात. पहिला ‘अय्यार’. राजाच्या पदरी असणारा हा माणूस हेर, बहुरूपी, वैद्य आणि धावपटू, सगळं एकाच अंगात. खांद्याला बटवा, त्यात बेशुद्ध करणारी पूड, शुद्धीवर आणणारा लखलखा, रूप बदलण्याचे रंग, भिंत चढायची दोरी. पूर्वीच्या दरबारांत अशी माणसं असत आणि त्यांच्या हिकमतीमुळे रक्त न सांडता भांडणं मिटत, असं खत्रींनी प्रस्तावनेत आवर्जून नोंदवलं आहे. अय्यार अय्यारांना ठार करत नाहीत. पकडलेल्याला कैदेत ठेवतात, फार तर आपल्या बाजूला वळवतात. वीरेंद्रसिंहाचा अय्यार तेजसिंह आणि चंद्रकांतेची सखी चपला हे तर नायक-नायिकेहूनही जास्त जिवंत वाटतात. चपला स्वतः अय्यार आहे. राजकन्याही हातावर हात ठेवून वाट पाहत बसणाऱ्यांतली नाही. कथेत मध्येच एक गूढ वनकन्या येऊन वीरेंद्रसिंहाला मदत करत राहते. ती कोण, हे शेवटी उलगडतं, आणि ती चंद्रकांताच असते. १८८८ साली हे लिहिलं गेलं, हे ध्यानात ठेवावं.

दुसरा शब्द ‘तिलिस्म’. फारसी-उर्दू दास्तानांमध्ये तिलिस्म म्हणजे जादूगाराने रचलेली मायानगरी. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड १८८३ पासून बाहेर पडत होते, आणि उत्तरेतले सुशिक्षित त्यांनी झपाटलेले होते. बालपणी या दास्ताना अधाशासारख्या वाचणाऱ्यांत पुढे प्रेमचंद झालेला एक मुलगाही होता. खत्रींनी शब्द तिथूनच उचलला, पण त्यातली जादू मात्र काढून टाकली.

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वांत धाडसी निर्णय हाच. त्यांच्या तिलिस्मात मंत्र नाही, राक्षस नाही, ऋषीचा शापही नाही. माणसाला गिळणारा दगडी बगळा आहे. पण त्याच्या पोटात यंत्र आहे आणि पाय कुठे पडला की चोच उघडते, याचं स्पष्टीकरण आहे. भुयारं आहेत, कळी आहेत, गुंगी आणणारे मसाले आहेत. वाचक आधी घाबरतो आणि मग त्याला कारण कळतं. शापित नदीच्या मुलखात वर्षानुवर्षं वावरलेल्या माणसाने शाप बाजूला ठेवला आणि कारागिरी आत आणली. रेल्वे आणि तारायंत्र पाहिलेल्या पिढीचं अद्भुत आता वेगळं असणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

तिलिस्म कशासाठी बांधतात, याचं त्यांचं उत्तर तर माझ्यासारख्याला फारच जवळचं. एखाद्या राजाकडे अमाप धन आहे आणि पोटी लायक वारस नाही. पुढे केव्हातरी आपल्या वंशात योग्य माणूस निपजेल, या भरवशावर तो कारागीर आणि ज्योतिषी बोलावतो, खजिना बंदिस्त करतो आणि कुणाच्या हातून तो उघडायचा, ते लिहून ठेवतो. म्हणजे अजून जन्माला न आलेल्या माणसाच्या नावे केलेलं नामांकन! बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे. एकट्याच्या किल्लीने दार उघडत नाही. तिलिस्मातही एकट्या बळाने दार उघडत नाही. तिथे दडवलेलं पुस्तक आधी सापडावं लागतं, ते नीट वाचावं लागतं आणि सांगितलेल्या क्रमानेच पावलं टाकावी लागतात. तलवार चालवणाऱ्या नायकाला लेखकाने आधी वाचायला बसवलं आहे.

आणि त्याने वाचकांनाही बसवलं. ‘चंद्रकांता’ची भाषा बाजारात बोलली जाते तशी, संस्कृताचा बोजा नाही की फारसीचा नखरा नाही. केवळ ही पुस्तकं वाचता यावीत म्हणून उर्दू जाणणाऱ्या कित्येकांनी नागरी अक्षरं गिरवली, हे हिंदी साहित्याच्या इतिहासात नोंदलं गेलं आहे. काळ कोणता, पाहा. नागरीच्या प्रसारासाठी काशीत नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली १८९३ मध्ये. त्या प्रांताच्या कचेऱ्यांत नागरीला मुभा मिळाली १९०० मध्ये. अर्ज, सभा, शिष्टमंडळं यांनी जे चाललं होतं, तेच दुसऱ्या बाजूने एक माजी ठेकेदार करत होता, पुढे काय झालं या एकाच प्रश्नाच्या जोरावर.

मग ‘चंद्रकांता संतती’ आली. वीरेंद्रसिंहाच्या दोन मुलांची, इंद्रजितसिंह आणि आनंदसिंह यांची कथा, तब्बल २४ भागांत. १८९८ मध्ये त्यांनी काशीत स्वतःचा लहरी प्रेस काढला. दोन धंदे मोडलेल्या माणसाचा हा तिसरा धंदा मात्र टिकला. ‘संतती’त भूतनाथ नावाचा एक अय्यार येतो. त्याच्या भूतकाळात काळंबेरं आहे, ते उघड होईल या भीतीने तो पळतो आहे आणि तरी त्याला चांगलं व्हायचं आहे. शुभ्र नायक आणि काळाकुट्ट खलनायक यांच्या या जगात तो खराखुरा माणूस शिरला. खत्रींना त्याने असं धरून ठेवलं, की त्याची स्वतंत्र कादंबरी त्यांनी हाती घेतली.

ती पुरी झाली नाही. ‘भूतनाथ’चे पहिले सहा भाग लिहून झाले होते, तेव्हा १९१३ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी देवकीनंदन गेले. उरलेले भाग पूर्ण केले त्यांच्या मुलाने, दुर्गाप्रसाद खत्री यांनी. पुढे ‘लाल पंजा’, ‘रक्तमंडल’ अशा कादंबऱ्या लिहून ते स्वतःही नावारूपाला आले. बापाने अर्धवट सोडलेला तिलिस्म मुलाने तोडला. हा प्रसंग खत्रींनी कादंबरीत लिहिला असता, तर आपण त्याला योगायोग म्हणून हसलो असतो.

मृत्यूनंतर हिशेब मांडला गेला. रामचंद्र शुक्लांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात, हिंदीचे वाचक यांच्याइतके दुसऱ्या कुणीच निर्माण केले नाहीत, हे श्रेय त्यांना मोकळेपणाने दिलं. आणि त्याच दमात या घटनाप्रधान पुस्तकांना खऱ्या साहित्याच्या पंक्तीत बसवायला नकार दिला. जमेला वाचक, नावे साहित्य. आपल्याकडे फार वेगळं घडलं नाही. ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ यांची नावं आपण परीक्षेपुरती पाठ केली आणि खरी कादंबरी हरिभाऊंपासून, असं ठरवून मोकळे झालो.

शुक्लांचं निरीक्षण चूक नव्हतं. खत्रींच्या माणसांची मनं फार खोल नाहीत. भूतनाथ वगळला तर कुणी आतून बदलत नाही. मीही कादंबऱ्या लिहिल्या आहेत, त्यांत मनं खोल असावीत अशी धडपड केली आहे. त्यांची एक आवृत्ती खपायला किती वर्षं लागतात, हेही मला ठाऊक आहे. पण मला त्या रात्री दोनला मालवलेला दिवा आठवतो. गंभीर कादंबरीकडे येणारा वाचक आधी कुठेतरी वाचायला शिकलेला असतो. कुणीतरी त्याला पान उलटायची चटक लावलेली असते. हिंदीत ते काम ज्याने केलं, त्याला दाराबाहेर ठेवून आत मैफल भरवणं मला पटत नाही.

‘चंद्रकांता’ आजही छापली जाते, विकली जाते. घरात एखादं तेरा-चौदा वर्षांचं मूल जादूच्या जाडजूड परदेशी कादंबऱ्यांत डोकं खुपसून बसलं असेल, तर त्याला रागावण्याआधी ही एकदा त्याच्या हाती देऊन पाहावी. किल्ली कुणाच्या हाताने फिरेल, हे आपल्याला सांगता येत नाही.