विश्लेषण : फ्रेडी मर्क्युरीचा आजार मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत गुप्त का राहिला?

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये निधन झाले. आपल्याला एड्स झाल्याचे निवेदन त्याने आदल्याच दिवशी, २३ नोव्हेंबरला प्रसृत केले होते. त्याआधी पाच वर्षे त्याच्या प्रकृतीविषयी बातम्या छापून येत होत्या, चाहते तर्क लढवत होते आणि बँडकडून नकार दिला जात होता. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या या पारशी मुलाने एवढे मोठे गुपित का आणि कसे जपले, याचा आढावा.

पाचगणीशी नाते काय?

फ्रेडीचे मूळ नाव फारोख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये त्याचा जन्म झाला. वडील बोमी तेथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. गुजरातमधील बलसार, म्हणजे आजचे वलसाड, हे कुटुंबाचे मूळ गाव. आडनाव त्यावरूनच आले. आठव्या वर्षाच्या सुमारास आईवडिलांनी त्याला बोटीने भारतात पाठवले आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवले. सुट्टीत तो मुंबईतील नातेवाईकांकडे राहत असे. याच शाळेत फारोखचा ‘फ्रेडी’ झाला, पियानोचे धडे मिळाले आणि वयाच्या बाराव्या वर्षी वर्गमित्रांसोबत ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँडही उभा राहिला.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी जानेवारीत तेथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंबाला जीव मुठीत धरून ब्रिटन गाठावे लागले. लंडनच्या विमानतळाजवळील फेल्टम या उपनगरात त्यांनी नव्याने संसार मांडला. आशियातून वा आफ्रिकेतून आलेल्यांना त्या काळच्या ब्रिटनमध्ये सहज सामावून घेतले जात नव्हते. फ्रेडी पुढे भारत किंवा झांझिबारविषयी फारच कमी बोलला. त्याच्या कित्येक चाहत्यांना त्याचे मूळ त्याच्या मृत्यूनंतर कळले. खासगी गोष्ट दाराआड ठेवण्याची सवय आजारपणाच्या कितीतरी आधीची होती.

‘क्वीन’ कसा उभा राहिला?

ईलिंगच्या कला महाविद्यालयात त्याने ग्राफिक कलेचे शिक्षण घेतले. गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्याशी त्याची याच काळात गट्टी जमली. १९७० मध्ये तिघे एकत्र आले. बँडला ‘क्वीन’ हे नाव फ्रेडीने सुचवले, बोधचिन्ह त्यानेच काढले आणि स्वतःचे आडनावही बदलून ‘मर्क्युरी’ केले. १९७१ मध्ये बास गिटारवादक जॉन डीकन आल्यावर चौकडी पूर्ण झाली. १९७५ मध्ये आलेले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे जवळपास सहा मिनिटांचे गाणे रेडिओवर वाजण्यासाठी फार लांब असल्याचे सांगितले जात होते. प्रत्यक्षात ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

आजारपणाआधीचे वाद कोणते?

ऑक्टोबर १९८४ मध्ये ‘क्वीन’ने दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे कार्यक्रम केले. वर्णद्वेषी राजवटीमुळे संयुक्त राष्ट्रांनी त्या देशावर सांस्कृतिक बहिष्कार पुकारला होता. आम्ही राजकारण करत नाही, सर्व वर्णांच्या श्रोत्यांसमोर गातो, असा बँडचा बचाव होता. तो टिकला नाही. ब्रिटनच्या संगीतकार संघटनेने दंड ठोठावला आणि संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत बँडचे नाव गेले. चाहत्यांमध्येही यावरून फूट पडली.

त्याच वर्षी ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’ या गाण्याच्या चित्रफितीत चौघे बायकांच्या वेशात दिसले. ब्रिटनने ती गंमत म्हणून घेतली. अमेरिकेत मात्र ती अनेकांना रुचली नाही आणि तेथील लोकप्रियतेला फटका बसला. १३ जुलै १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ मैफलीने चित्र पालटले. वेम्ब्ली मैदानावरील सुमारे ७२ हजार श्रोत्यांना फ्रेडीने जेमतेम वीस मिनिटांत खिशात घातले.

आजाराच्या बातम्या कधी सुरू झाल्या?

९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे ‘क्वीन’चा फ्रेडीसोबतचा शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला. दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, त्याने एचआयव्हीची चाचणी करून घेतल्याची बातमी ब्रिटनमध्ये छापून आली. त्याने ती फेटाळली. १९८७ मध्ये त्याचा माजी व्यवस्थापक पॉल प्रेंटर याने फ्रेडीच्या पुरुषांशी असलेल्या संबंधांच्या हकिगती ‘द सन’ या दैनिकाला विकल्या. ज्याला वर्षानुवर्षे घरात वागवले, त्यानेच हे केल्याचा घाव फ्रेडीच्या वर्मी लागला. याच वर्षी त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे निदान झाल्याचे त्याचा जोडीदार जिम हटन याने नंतर लिहिले आहे.

पुढे दौरे थांबले. १८ फेब्रुवारी १९९० रोजी ‘ब्रिट’ पुरस्कार स्वीकारताना मंचावर दिसलेला फ्रेडी ओळखू येणार नाही इतका खंगला होता. भाषण ब्रायन मे यांनी केले, फ्रेडी आभाराचे दोन शब्द बोलून निघाला. त्यानंतर केन्सिंग्टनमधील ‘गार्डन लॉज’ या त्याच्या घराबाहेर छायाचित्रकारांचा पहारा बसला. डॉक्टरांकडे जाता-येता टिपलेली छायाचित्रे पहिल्या पानावर झळकली. बँडमधील सहकारी पत्रकारांना तो ठणठणीत असल्याचे सांगत राहिले. खोटे बोलण्याचे ओझे त्यांनी मित्राखातर वाहिले.

गुप्तता का राखली?

त्यासाठी त्या काळाकडे पाहावे लागते. एचआयव्ही हा विषाणू शरीराची प्रतिकारशक्ती हळूहळू पोखरतो. ती पुरती ढासळून इतर आजार बळावले की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. १९८७ मध्ये त्यावर ‘एझेडटी’ हे एकच मान्यताप्राप्त औषध होते आणि त्याचा उपयोग मर्यादित होता. अनेक औषधे एकत्र देण्याची परिणामकारक उपचारपद्धती १९९६ च्या सुमारास रूढ झाली. म्हणजे निदान ही तेव्हा जवळपास मृत्यूची सूचनाच होती.

त्यात बदनामीची भर. एड्सकडे समलिंगी पुरुषांचा रोग म्हणून पाहिले जात होते. रुग्णाला स्पर्श करायलाही लोक घाबरत. १९८८ मध्ये ब्रिटनने स्थानिक संस्थांना समलैंगिकतेचा पुरस्कार करण्यास मनाई करणारी कायद्याची तरतूद आणली. घरात नुसते कळले तरी बाहेर काय होईल, याची कल्पना फ्रेडीला होती. वृद्ध आईवडील हयात होते. घरात सोबत राहणाऱ्यांनाही छायाचित्रकारांच्या गराड्यातूनच ये-जा करावी लागत होती.

आणखी एक कारण कामाचे होते. आजार जाहीर झाला असता तर पुढचे प्रत्येक गाणे सहानुभूतीच्या तराजूत तोलले गेले असते. फ्रेडीला तेवढ्या काळात गायचे होते. स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील स्टुडिओत, उभे राहणे कठीण झाले असतानाही, तो ध्वनिमुद्रण करत राहिला. मे १९९१ मध्ये त्याने शेवटची चित्रफीत चित्रित केली. त्याची अवस्था झाकली जावी म्हणून ती कृष्णधवल ठेवण्यात आली.

निवेदन आले, पण उशिरा?

शेवटच्या दिवसांत औषधे थांबवण्याचा निर्णय त्याने स्वतः घेतला. व्यवस्थापक जिम बीच यांच्याशी बोलून निवेदन तयार झाले. चाचणीत एचआयव्ही आढळला आहे, एड्स झाला आहे, जवळच्यांच्या खासगीपणासाठी ही माहिती आजवर रोखली होती आणि आता जगभरच्या मित्रांना व चाहत्यांना सत्य कळायला हवे, असा त्याचा आशय होता. रविवारच्या वृत्तपत्रांत ते छापून आले आणि त्याच संध्याकाळी फ्रेडी गेला. एड्समुळे झालेला न्यूमोनिया हे मृत्यूचे कारण होते. वय ४५ वर्षे. चाहत्यांना बातमी पचवायला एक दिवसही मिळाला नाही.

टीकाही झाली. त्याच महिन्यात, ७ नोव्हेंबरला, अमेरिकी बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन याने आपल्याला एचआयव्ही असल्याचे पत्रकार परिषदेत सांगितले होते. एवढ्या लोकप्रिय गायकाने चार वर्षे आधी तोंड उघडले असते तर कित्येक रुग्णांना धीर आला असता, असा आक्षेप घेतला गेला. तो निराधार नव्हता. मात्र ज्या वृत्तपत्रांनी त्याच्या दारात कॅमेरे लावले, त्यांच्याच हाती हे सत्य सोपवण्याची सक्ती आजारी माणसावर करता येत नाही, हे उत्तरही तितकेच वजनदार होते.

मृत्यूनंतर काय बदलले?

२७ नोव्हेंबर रोजी पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनांसह अंत्यविधी झाला. डिसेंबरमध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा प्रकाशित झाले, पाच आठवडे अव्वल राहिले आणि त्यातून मिळालेले दहा लाखांहून अधिक पौंड एड्सरुग्णांसाठी काम करणाऱ्या ‘टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट’ला देण्यात आले. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्ब्लीवर ७२ हजार श्रोत्यांच्या साक्षीने श्रद्धांजली मैफल झाली आणि तिच्यातून ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ ही संस्था उभी राहिली. जिवंतपणी तो जे बोलला नाही, ते त्याच्या नावाने घडले.

चित्रपटाने सांगितलेले खरे किती?

२०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटासाठी रामी मलेक याला ऑस्कर मिळाले आणि नवी पिढी फ्रेडीकडे वळली. मात्र त्यात ‘लाइव्ह एड’च्या आधीच फ्रेडी सहकाऱ्यांना आजार सांगतो, असे दाखवले आहे. ती मैफल १९८५ ची, तर हटन याच्या सांगण्यानुसार निदान १९८७ चे. त्यामुळे वेम्ब्लीवरील त्या वीस मिनिटांना मृत्यूच्या सावलीतील गाणे समजणे चूक आहे. तो जोशात असलेला गायक होता. आजाराशी झुंजणारा फ्रेडी ऐकायचा असेल तर १९९१ चा ‘इन्युएन्डो’ हा अल्बम ऐकावा लागेल.

सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या घरातील वस्तूंचा लंडनमध्ये लिलाव झाला आणि जवळपास चार कोटी पौंड जमा झाले. पियानोपासून मिशांच्या कंगव्यापर्यंत सारे जगाने पाहिले. अस्थी मात्र त्याची जिवलग मैत्रीण मेरी ऑस्टिन हिने त्याच्या इच्छेनुसार अज्ञात ठिकाणी ठेवल्या. ते ठिकाण अद्याप बातमीत आलेले नाही.