पेटंट न घेतलेला शोध

पेशीत ‘झिंक फिंगर’ गटातले एखादे विशिष्ट प्रथिन आहे की नाही, हे तपासताना संशोधक प्रतिपिंडाची लहानशी कुपी उघडतो. हजारो प्रथिनांच्या गर्दीतून ते प्रतिपिंड नेमक्या त्याच प्रथिनाला जाऊन चिकटते. जस्ताच्या अणूभोवती बोटासारखी घडी पडलेली ही प्रथिने आरॉन क्लुग यांनी १९८५ मध्ये केंब्रिजमध्ये ओळखली. त्याच प्रयोगशाळेत दहा वर्षे आधी सेसार मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी मिळवण्याची वाट खुली केली होती.

मिलस्टाइन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२७ रोजी अर्जेंटिनातील बाहिया ब्लांका येथे, स्थलांतरित ज्यू कुटुंबात झाला. ब्यूनस आयर्स विद्यापीठात शिक्षण झाल्यावर ते केंब्रिजला गेले आणि १९६१ मध्ये मायदेशी परतले. मात्र, १९६२ च्या लष्करी उठावानंतर त्यांच्या संस्थेच्या संचालकांना पदावरून दूर करण्यात आले. मिलस्टाइन यांनी राजीनामा दिला आणि पुन्हा केंब्रिज गाठले. तेथे फ्रेडरिक सँगर यांनी त्यांना प्रतिपिंडांच्या अभ्यासाकडे वळवले.

अडचण जुनीच होती. प्राण्याच्या रक्तातून मिळणारी प्रतिपिंडे म्हणजे अनेक जातींचे मिश्रण. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी शरीराबाहेर फार काळ तग धरत नाहीत. कर्करोगाच्या पेशी मात्र अखंड वाढत राहतात. मिलस्टाइन आणि त्यांचे तरुण जर्मन सहकारी जॉर्ज कोहलर यांनी उंदराच्या प्लीहेतील पेशींचा कर्करोगाच्या पेशींशी संकर घडवला. या संकरित पेशी वाढतही राहिल्या आणि एकाच जातीचे प्रतिपिंडही देत राहिल्या. ऑगस्ट १९७५ मध्ये हे संशोधन ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रसिद्धीपूर्वीच मिलस्टाइन यांनी वैद्यकीय संशोधन परिषदेला या शोधाची कल्पना दिली होती. पेटंटचा निर्णय ज्या सरकारी महामंडळाच्या हाती होता, त्याला मात्र त्यात तातडीचा व्यावहारिक उपयोग दिसला नाही. पेटंट घेतले गेले नाही. मिलस्टाइन मागेल त्या प्रयोगशाळेला आपल्या पेशी देत राहिले. पुढे त्याच पेशींच्या आधारे तयार केलेल्या प्रतिपिंडांवर अमेरिकेतील संशोधकांनी पेटंट मिळवले, तेव्हा ब्रिटनमध्ये बराच गहजब झाला. दोष शास्त्रज्ञावर ढकलणे सोपे होते, पण कागदपत्रे त्याला पुष्टी देत नाहीत.

१९८४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिलस्टाइन, कोहलर आणि नील्स येर्ने यांना विभागून मिळाले. कोहलर १९९५ मध्ये, पन्नाशी गाठण्याआधीच गेले. मिलस्टाइन अखेरपर्यंत प्रयोगशाळेत रमले. २४ मार्च २००२ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या तंत्रातून निघालेली औषधे आणि गर्भचाचणीची घरगुती साधने जगभर पोहोचली होती.