पुष्पशिल्पी ल्यूथर बरबँक

परसदारी फुलझाडे लावण्याची हौस आमच्या ज्ञातीतील बहुतेक घरांत आहे. म्हणून एका थोर माळ्याचे अल्पचरित्र येथे सादर करीत आहोत.

ल्यूथर बरबँक यांचा जन्म ७ मार्च १८४९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लँकेस्टर येथे झाला. शालेय शिक्षण बेताचेच. परंतु डार्विनच्या ग्रंथांनी त्यांच्या मनास दिशा दिली. बटाट्याच्या एका फळातील २३ बियांपासून त्यांनी एक उत्तम वाण निवडले, ते १५० डॉलरांस विकले आणि १८७५ साली कॅलिफोर्नियातील सांता रोझा गाठले.

तेथे त्यांचे चित्त जडले ते डेझीवर. हे फूल शेवंतीच्या कुळातील. दिसावयास एक, पण वस्तुतः शेकडो चिमुकल्या पुष्पांचा गुच्छ. प्रत्येकातील पुंकेसर चिमट्याने खुडणे कठीण. म्हणून बरबँक पाण्याच्या बारीक धारेने फुलावरील पराग धुऊन काढीत व मग दुसऱ्या जातीचे पराग त्यावर लावीत. रानटी अमेरिकन डेझीचा त्यांनी इंग्लंड व पोर्तुगाल येथील जातींशी संकर केला. पुढे शुभ्रतेसाठी जपानी जातही आणली. सुमारे १७ वर्षे हा उद्योग चालला. अखेर १९०१ साली ते टपोरे शुभ्र फूल लोकांसमोर आले. शास्ता नावाच्या हिमाच्छादित पर्वतावरून त्यास 'शास्ता डेझी' हे नाव मिळाले.

संकर ही त्यांची अर्धीच विद्या होय, असे आम्हांस वाटते. उरलेली अर्धी नजरेत होती. हजारो रोपांतून मोजकी निवडून बाकीच्यांची ते होळी करीत. एवढी माया तोडणे आपल्यापैकी कितीजणांस जमेल?

मात्र ही नजर कागदावर उतरली नाही. १९०५ साली कार्नेगी संस्थेने वर्षाला १०,००० डॉलरांचे साहाय्य सुरू केले व पद्धती टिपून घेण्यास एक शास्त्रज्ञही पाठविला. परंतु त्यांच्या त्रोटक नोंदींवरून शास्त्र उभे राहीना, आणि काही वर्षांतच ते साहाय्य थांबले. दोष एकट्या संस्थेचा म्हणवत नाही.

परमहंस योगानंद त्यांचे स्नेही होते. १९४६ साली प्रसिद्ध झालेले आपले आत्मचरित्र त्यांनी बरबँक यांच्याच स्मृतीस अर्पण केले.

११ एप्रिल १९२६ रोजी बरबँक निवर्तले. नव्या वाणाच्या निर्मात्यास हक्क देणारा कायदा अमेरिकेत १९३० साली झाला. त्यान्वये त्यांच्या नावे १६ पेटंटे नोंदली गेली, तीही सारी मरणोत्तर.